एक आपलं, एक दुसऱ्याचं

शाळा सुटायच्या आधी व्हर्ना थीसनच्या पहिलीच्या वर्गात जो वास असतो, तो एकदा नाकात बसला की रविवारी चर्चमध्येही येतो. ओले लोकरी मोजे, हीटरवर वाळत टाकलेल्या टोप्या, कुणाच्या तरी डब्यात सोमवारपासून पडून राहिलेलं अंड्याचं सँडविच आणि सर्दी. नाक बाहीला पुसायचं आणि त्याच बाहीने बाईंना मिठी मारायची, ही इथल्या मुलांची रीत. कॅनडातल्या या मॅनिटोबात हिवाळा अर्धं वर्ष, म्हणजे ही किळसही अर्धं वर्ष. व्हर्ना नाक मुरडायची, पण त्या घाणीचा तिला कधी राग आला नव्हता. घाण पुसता येते.

शिसारी आली ती ताऱ्यांची.

तारे आणले नव्या मुख्याध्यापकांनी, डुहाईम सरांनी. आवरून झालं की ज्या टेबलाखालची जमीन स्वच्छ, त्या टेबलाला भिंतीवरच्या तक्त्यावर एक सोनेरी तारा. शुक्रवारी ज्यांचे तारे जास्त, त्यांना सरांच्या खोलीत पिझ्झा. त्याआधी इतकी वर्षं व्हर्नाचा एकच नियम होता: घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने दोन वस्तू उचलायच्या, एक आपली, एक दुसऱ्याची. दुसरी कुणाची, हे विचारायचं नाही. लावून लावून ती सवय मुलांच्या हाडीमाशी मुरवली होती तिने. ताऱ्यांनी ती पंधरवड्यात धुऊन काढली. आता पोरं कागदाचे कपटे बुटाच्या टोकाने शेजारच्या टेबलाखाली सरकवत, तेही बाईंच्या डोळ्यांदेखत.

"मॅकेना, ती पेन्सिल उचल बरं."

"ती निळ्या टेबलाची आहे, मिसेस थीसन."

"असेना का!"

"पण मी उचलली तर मला काय मिळेल?"

पुढचे दोन दात पडलेली पोर ती. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक डुहाईमांकडे गेली. म्हणाली, "सर, मुलं हिशेबी व्हायला लागली आहेत." ते हसून म्हणाले, "व्हर्ना, जमीन कशी लख्ख असते हल्ली, ते बघा की!" आणि ती खरंच लख्ख असायची. याचाच तिला जास्त वीट आला होता.

त्या गुरुवारी लाल आणि हिरवं टेबल बरोबरीत होतं. लाल टेबलावरचा डेनी वीब जेवणानंतर पांढराफटक पडला होता. "बरं वाटत नाहीये का रे?" तिने विचारलं. त्याने ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवली. तेवढ्यात कपडे घालायची वेळ झाली आणि वर्गात नेहमीचा गोंधळ उडाला. आधी बर्फात घालायची पँट, मग बूट, मग कोट, टोपी, हातमोजे सगळ्यात शेवटी. रोज घोकूनही कुणीतरी हातमोजे आधी चढवतोच आणि मग चेन लावता येत नाही म्हणून भोकाड पसरतो. त्या चेनी लावता लावता व्हर्नाची पाठ मोडून आली. लाल टेबलाखाली काही नव्हतं. तिने नाइलाजाने तारा चिकटवला, मॅकेनाने उड्या मारल्या आणि मुलं बसकडे गेली.

डेनीला न्यायला वडील येत. तो बाकावर बसून होता. एका पायात बूट, दुसरा पोटाशी धरलेला.

"घाल की तो बूट."

"बाबा आले की घालतो."

ती जवळ गेली आणि वास आला. तिने बुटात डोकावलं. दुपारचं सगळं जेवण त्यात होतं.

"अरे देवा! मला सांगायचं नाहीस का, राजा?"

"तोंड उघडलं असतं तर खाली सांडलं असतं ना." मग जरा ऐटीत म्हणाला, "एक थेंबसुद्धा नाही पडला. मॅकेना म्हणाली होती, हरलो तर तुझ्यामुळे."

"तिने पाहिलं हे?"

"हो. म्हणाली, शाब्बास."

व्हर्नाने बाह्या सरसावल्या. बूट बेसिनमध्ये रिकामा केला, गरम पाण्याने, साबणाने घासला. ओल्या बुटात कागद कोंबायचा असतो. कपाटात रद्दी होती. ती कपाटाकडे गेलीच नाही. भिंतीवरचा तक्ता तिने टरकावला आणि त्याचे बोळे करून बुटात दाबू लागली.

डेनीने आ वासला. "अहो, तारे!"

"कागद आहे तो. धर, तूही कोंब."

दोघांनी मिळून बूट भरला. चांगलं काम झालं म्हणून तिला हायसं वाटलं, अगदी हसूही आलं. डेनी मोज्यावरच उठला. लाल टेबलाच्या पायामागे मॅकेनाचा हातमोजा होता, मघाच्या उड्यांत पडलेला. तो वाकला, हात पुढे केला आणि थांबला.

"मिसेस थीसन, आता तारे नाहीत ना?"

"नाहीत."

"मग हा उचलायचा की राहू दे?"

बूट धुताना आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. व्हर्नाला मळमळून आलं.