रक्ताचं फॅट

राजारामपुरीतल्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर कोडोलीची एक बाई होती. नाव मी विचारलं नाही. दोघींच्याही पित्तनळीतले खडे तोंडातून दुर्बीण घालून काढले होते. आता स्वादुपिंड सुजणार का, हे रक्त तपासून कळणार होतं. सुजलं तर सलाईन आणि उपास, नाहीतर चहा.

बाई म्हशी पाळणारी. डेअरीत रोज समोर उभं राहून दुधाचं फॅट लावून बघणारी; फॅट कमी तर दर कमी. सारखी उठून पदर खोचायची आणि ओरडायची, "सिस्टर, माझं फॅट लागलं का न्हाय?" भीती मलाही होती, पण तिच्याशेजारी ती टिकेना. हसून हसून माझे डोळे गळत होते.

सिस्टर आली. "मावशी, तुमचा आकडा अगदी कमी आलाय."

बाई भडकली. "कमी? मशीन खोटं हाय तुमचं! माझ्यासमोर परत लावा!"

"अहो, कमी म्हणजे चांगलं. सूज येणार नाही. या आजींचंही चांगलं आहे."

बाईनं खोचलेला पदर सोडला. मग माझ्याकडं वळली. "आज्जी, तुमच्यापेक्षा माझंच कमी असणार, बघा की!"

चहा आला. तिनं एक घोट घेतला आणि कप सिस्टरपुढं धरला.

"आता ह्येचं फॅट लावा. निस्तं पाणी हाय."