नाकवाल्या सरांचं नाक

शाळेतल्या सगळ्या मास्तरांना मुलांनी टोपणनावं ठेवली होती आणि त्यातली निम्मी कागदावर लिहिण्यासारखी नव्हती. विज्ञानाचे सर मात्र नशीबवान. त्यांना सगळे 'नाकवाले सर' म्हणत, आणि ते त्यांना स्वतःलाही आवडायचं. नाक काही फार मोठं नव्हतं हं. चारचौघांसारखंच, किंचित डावीकडे कललेलं. पण कामाला असं, की प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकायच्या आधीच सर ओरडायचे, "व्हिनेगरची बाटली उघडी कुणी टाकली?" मागच्या बाकावर कुणी संत्रं सोललं तर फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचे, "एक फोड इकडे पाठवा." शिपाई बिडी ओढून आला की सरांच्या समोरून न जाता सगळ्या व्हरांड्याला वळसा घालून जायचा. आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, केसांचा कलप बदलला हे सगळ्यात आधी सरांना कळलं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं, आणि त्या वर्षी प्रयोगशाळेला नव्या परीक्षानळ्या आल्या नाहीत, असं शिपाई सांगतो. शिपायाच्या सांगण्यातलं किती घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

सरांचं शिकवणंही नाकावरच चालायचं. परीक्षानळी नाकाला लावायची नाही, हातानं हवा आपल्याकडे ओढून घ्यायची आणि जराशी हुंगायची, हा त्यांचा पहिला धडा. घरीसुद्धा ते दुधाचं पातेलं असंच हुंगायचे आणि बायको म्हणायची, "अहो, दूध आहे ते, तेजाब नाही." दुसरा धडा त्याहून कडक. प्रयोगशाळेत कुणी नाक धरायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही आणि 'शी' तर म्हणायचंच नाही. "वास म्हणजे पदार्थानं सांगितलेलं स्वतःचं नाव," सर म्हणायचे. "कुणी नाव सांगत असताना आपण शी म्हणतो का?" जो नाक धरेल तो वर्गाबाहेर. मुलं इतकी तयार झाली होती, की नासकी अंडी समोर ठेवली तरी भाषण ऐकायला बसल्यासारखी बसायची.

आणि मग त्या थंडीत सरांना सर्दी झाली. साधी, रुमाल भिजवणारी सर्दी. ती गेली, पण जाताना नाकातला वास घेऊन गेली. पहिले काही दिवस सरांना पत्ताच नाही. एका सकाळी ते शेगडीपाशी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चालवत होती. ती पायातली चप्पल सोडून धावत आली.

"अहो! दूध करपून कोळसा झालं! तुम्ही इथेच बसलाय ना?"

सरांनी पातेल्याकडे पाहिलं. काळा धूर वर चढत होता. सरांनी हात पुढे केला, धूर आपल्याकडे ओढला आणि हुंगला. मग पुन्हा हुंगला. त्यांचं तोंड असं झालं, की बायकोनं पातेलं तसंच सोडलं आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावला.

कान-नाक-घशाचा डॉक्टर सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं दिव्यानं आत पाहिलं, यंत्रानं आतली चित्रं काढली आणि शेवटी टेबलावरचा पेन सरळ करत म्हणाला, "सर, येईलही. नाहीही येणार. औषध असं नाही. रोज सकाळी चार वास घेत राहा, डोळे मिटून, मनापासून."

"आणि नाही आला तर?"

"सर, तुम्ही उगाच मला परीक्षेला बसवताय," डॉक्टर म्हणाला, आणि हसला नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, म्हणजे नक्की बिघडलंय काय? सरांनी तिला दारावरची घंटा दाखवली. "हे बटण म्हणजे नाक. बटण ठीक आहे. घंटा म्हणजे मेंदू."

"ती ठीक आहे का?"

"ठीक आहे. मधली तार गेलीय. अगदी बारीक, केसाहून बारीक. भिंतीच्या आत."

"मग वायरमन कुठे मिळतो याचा?"

"तेच तर. ही तार कुणाला जोडता येत नाही. आपली आपण वाढली तर वाढते."

 दुसऱ्या दिवशी बायकोनं झाकणाच्या चार छोट्या बाटल्या धुऊन वाळवल्या. एकीत लवंग, एकीत लिंबाची साल, एकीत कॉफी, एकीत अंगाच्या साबणाचा तुकडा. रोज सकाळी सर डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि ती एकेक बाटली नाकाखाली धरायची. सर सांगायचे, "कॉफी." असायचा साबण. जगाला गुण देणारा माणूस रोज सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात नापास व्हायचा.

शाळेत मात्र अवाक्षर नाही. निवृत्तीला अजून अवकाश होता, आणि प्रयोगशाळा हेच त्यांचं सगळं. खिशातल्या किल्लीला ते दिवसातून कितीदा हात लावायचे, याच्या नकला मुलं करायची. नाक गेलं हे कळलं तर किल्ली जाणार. म्हणून त्यांनी युक्त्या काढल्या. शिपाई वळसा घालून निघाला, की त्याच्या वळशावरूनच म्हणायचे, "ओढलीस ना पुन्हा?" शिपाई कानाला हात लावायचा. असं बरेच दिवस निभलं.

मग मिश्रण आणि संयुग यांचा धडा आला.

हा सरांचा लाडका प्रयोग. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड नुसती एकत्र केली तर ते मिश्रण. लोहचुंबक फिरवला की कीस वेगळा. त्यावर विरल आम्ल ओतलं तर बुडबुडे येतात, पण त्या वायूला वास नसतो. तेच दोन्ही एकत्र तापवून लालबुंद केलं की काळा खडा होतो. तो ना लोखंड, ना गंधक. त्याच्यावर आम्ल ओतलं की जो वायू येतो, त्याला नासक्या अंड्यांचा असा वास, की मेलेला उठून बसावा.

आणि सरांच्या मनानं नेमकं तेच धरलं. लवंग, लिंबू ही नाजूक मंडळी. हा वायू म्हणजे दार फोडून आत शिरणारा. तो तरी पोचेल.

स्पिरिटच्या दिव्याची ज्योत वाऱ्यानं हलत होती, म्हणून खिडक्या लावल्या. खडा तयार झाला. परीक्षानळीत टाकला, आम्ल ओतलं, बुडबुडे आले. सरांनी हातानं हवा ओढून घेतली. काही नाही. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. सगळी तोंडं सरळ, पाठी ताठ, कुणाच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही.

सरांना वाटलं, वास आलेलाच नाही. आपलं नाक राहू दे, इतक्या जणांची नाकं तर धड आहेत! म्हणजे खडा नीट तापला नसणार, कीस तसाच राहिला असणार. त्यांनी दुसरा खडा घेतला, मोठा. चंचुपात्रात टाकला आणि आम्ल सढळ हातानं ओतलं. मग तोंड चंचुपात्राच्या जवळ नेलं, जवळ, आणखी जवळ, स्वतःचाच पहिला धडा मोडून. मनात एकच, ये. ये ना.

पुढच्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती सरांची लाडकी, उत्तराला कायम हात वर करणारी. तिनं हात वर केला.

"बोल, काय दिसलं?"

तिनं तोंड उघडलं आणि सरांच्या बुटांवर ओकली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि शिपाई आत शिरला, नाकावर अख्खा टॉवेल बांधून. "सर, अहो काय चालवलंय काय! खाली गाण्याचा वर्ग पळाला! मोठ्या बाईंना वाटलं गटार फुटलं!" त्यानं खिडक्या भडाभड उघडल्या. मुलं मैदानात जाऊन झाडाखाली आडवी झाली. कुणाला मोठं काही झालं नाही, डोकी दुखली, दोघातिघांची पोटं ढवळली. मुलगी पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसली होती. सर तिच्याजवळ गेले.

"अगं, सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हणता ना सर, तोंड वाकडं करायचं नाही म्हणून." मग हळूच म्हणाली, "तुम्ही इतक्या जवळून हुंगत होतात. आम्हाला वाटलं, आम्हीच कच्चे."

 सर बूट धुवायला नळावर गेले आणि बराच वेळ नळ चालूच ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई स्वतः प्रयोगशाळेत आल्या. बाई भूगोलाच्या. रसायनांना त्या ज्वालामुखीइतक्याच लांबून मानायच्या.

"सर, पालक येऊन गेले. मी म्हटलं, प्रयोगात होतं असं कधीकधी. पण शिपाई भलतंच काही सांगतोय. मला एकच सांगा, तुमचं नाक चालतं की नाही?"

सरांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला.

"बरं, राहू दे. मीच बघते. डोळे मिटा." बाईंनी कपाटातली हाताला लागली ती बाटली काढली, बूच उघडलं आणि सरांसमोर धरली.

नाकात सुई घुसल्यासारखं झालं. मान झटक्यात मागे गेली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

"अमोनिया," सर म्हणाले.

बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "अगदी बरोबर! चालतंय की हो तुमचं नाक. उगाच जीव टांगणीला लावलात." त्या खरोखर खूश झाल्या होत्या. "चला, विषय संपला. खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवत जा."

त्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा. सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण याच खोलीत त्यांनी उत्तर बरोबर, रीत चूक, अशा किती गणितांवर लाल फुली मारली होती. त्यातली एक पुढच्या बाकावरच्या त्याच मुलीची. तेव्हा ती रडली होती आणि सर विरघळले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "हे नाकानं नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"अमोनिया झोंबतो. झोंबणं वेगळं, वास वेगळा. त्याची तार निराळी असते, ती शाबूत आहे. आग लागल्याची घंटा वाजते माझी. पण दारात कोण आलंय ते नाही कळत."

बाई दारातून परत आत आल्या. "अहो सर, मी विचारलं होतं का तुम्हाला हे?" त्या जवळजवळ रागावल्याच. "उत्तर बरोबर आलं होतं ना?"

"तुम्ही आज अत्तर लावलंय?"

"लावलंय की. नवीनच आहे."

"बघा. मला विचारावं लागतंय."

मग सरांनी किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी ती परत सरकवली. सरांनी पुन्हा पुढे केली. असं एकदोनदा झालं आणि किल्ली खाली पडली. दोघंही वाकली. उचलली बाईंनी.

आता सर खडू आणि फळ्यावर रसायन शिकवतात. चित्रं सुरेख काढतात. प्रयोगशाळेत नवीन बाई आल्या आहेत. तिथे मुलं नाकं धरतात, शी म्हणतात, खिदळतात, आणि ते फळ्यापर्यंत ऐकू येतं. शिपाई अजून वळसा घालून जातो. सर त्याला अजून म्हणतात, "ओढलीस ना?" आता दोघांनाही ठाऊक आहे, पण तो कानाला हात लावतो.

घरी सकाळच्या बाटल्या चालूच आहेत. कधीतरी सरांनी बायकोला सांगितलं होतं, की प्रयोगात एक नळी नेहमी रिकामी ठेवावी, म्हणजे आपण स्वतःला फसवतोय का ते कळतं. तिनं ते लक्षात ठेवलं होतं. परवा मशीन बंद करून ती आली, सरांनी डोळे मिटले आणि तिनं पाचवी बाटली पुढे केली. नुसती धुतलेली.

सरांनी मनापासून श्वास घेतला. थांबले. कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"लिंबू," ते म्हणाले. "अगं, आलं! अगदी पुसटसं, पण आलं. लिंबूच ना?"

ती काहीच बोलेना, म्हणून सरांनी एक डोळा किलकिला केला. बाटलीच्या काचेतून पलीकडे तिचा अंगठा दिसत होता. मध्ये काही नव्हतं.

"लिंबूच," ती म्हणाली.

सरांनी डोळा पुन्हा मिटून घेतला.

"दे," ते म्हणाले. "पुढची दे."