भोंगेवाल्याचे कान

त्याला सगळे भोंगेवाला म्हणत. बँक असो, वाचनालय असो की कोर्टाची इमारत, आगीची आणि चोरीची सूचना देणारी यंत्रं बसवायची आणि मधूनमधून जाऊन तपासायची, हे त्याचं काम. पूर्वी त्यासाठी भिंती फोडून वायरी ओढाव्या लागत. मग बिनतारी यंत्रं आली. छताला धूर ओळखणारी डबी लावायची, दाराला चोर ओळखणारी, आणि त्या डब्या वायरीशिवायच लांबच्या भोंग्याला खबर देत. कपड्यांना सिमेंट लागेनासं झालं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या बायकोला झाला होता.

काम मात्र आवाजाचंच राहिलं. लांब काठीच्या टोकावरून डबीवर खोटा धूर सोडायचा आणि भोंगा नीट वाजतो ना ते जवळ उभं राहून ऐकायचं. कंपनीने कानात घालायला बोळे दिले होते, ते त्याने कधी खिशातून बाहेर काढले नाहीत. "बोळे घालून भोंगा तपासायचा म्हणजे डोळे बांधून तांदूळ निवडायचे," असं तो म्हणे आणि बरोबरचे लोक हसत.

कान एकदम गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग फोन. एके दिवशी एका कचेरीत त्याने काठी वर केली, डबीवरचा लाल ठिपका पेटला आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. बॅटरी संपली असेल म्हणून तो शिडी मागवणार, तेवढ्यात समोरच्या कारकुनाने कपाळाला आठ्या घालून दोन्ही कानांत बोटं घातली. भोंगा वाजत होता.

त्या दिवसापासून तो माणसांच्या तोंडाकडे बघून भोंगे तपासू लागला. कुणी कानांत बोटं घातली की समजायचं, वाजतोय, आणि कागदावर बरोबरची खूण करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी होती लाज. भोंगेवालाच बहिरा म्हटल्यावर लोक पोट धरून हसले असते. लोकांना काय, निमित्तच हवं असतं.

बायकोपासून मात्र काय लपणार? ती त्याच्याशी बोलायचं तर हातातलं काम टाकून समोर येऊन उभी राही. "देवसुद्धा तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो," असं एकदा म्हणाली. तो नुसता गुरगुरला.

मग तिला भोवळ यायला लागली. एकदा ओट्यापाशी पडली, कपाळाला खोक पडली. दुसऱ्याच दिवशी त्याने न्हाणीघरात खाली हात पुरेल असं एक बटण लावलं आणि बाहेरच्या खोलीत, आपल्या खुर्चीच्या वर, भोंगा.

"एकदाच दाबायचं," त्याने तिला समजावलं. "मी येऊन बटण ओढेपर्यंत वाजत राहील."

"अहो, भोंगा नको. तो दिवा लावा ना, बहिऱ्या मुलांच्या शाळेत लावलात तसला, लखलखणारा. एक उरलाय कपाटात."

"दिवा बहिऱ्यांना लागतो."

"मग?"

"मग काय? मला ऐकू येतं."

इथे याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं कुणालाही वाटेल. तिने तसलं काही केलं नाही. आत जाऊन बटण दाबून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. कानांत बोटं घातली नाहीत, नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"वाजतोय," तो म्हणाला.

"हो, वाजतोय," ती म्हणाली आणि बटण ओढून स्वयंपाकघरात गेली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी ती आंघोळीला गेली होती. तो खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. दार ढकलून शेजारीण आत आली. तिचे ओठ हलत होते आणि दोन्ही बोटं कानांत होती. इतक्या दिवसांच्या सवयीने त्याच्या मनाने आधी बरोबरची खूण केली. वाजतोय, ठीक आहे. मग मांडीवरच्या शेंगा सगळीकडे सांडल्या.

ती न्हाणीघरात कुशीवर पडली होती. एक हात बटणाखाली होता. नळ चालूच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते शेजारणीने त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितलं. जरा आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. मग ती रडायला लागली. "केव्हाचा वाजत होता हो. मला वाटलं, तुम्ही तपासताय. तुम्ही घरात होतात ना."

सगळे नातेवाईक आपापल्या घरी गेल्यावर त्याने कपाटातला दिवा काढला आणि भोंग्याच्या जागी लावला. लावून काय उपयोग, हे त्यालाही कळत होतं. तरी न्हाणीघरात गेला, बटण दाबलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसला. खोली लखलख करत होती. त्याने डोळे मिटले तरी उजेड पापण्यांतून आत येत होता. आता बटण ओढायला परत आत जायला हवं होतं. त्याच्याने उठवेना.