हळद लावलेला हात

पुसदच्या कोर्टात, विधी सेवेच्या खोलीत बाईला वकील फुकट मिळतो, ही गोष्ट बंजारा तांड्यातल्या एकूणएक बाईला जमनाबाईनं सांगितली होती. नुसतं सांगून थांबेल तर ती जमनाबाई कसली! ती सोबतही जायची. सुजलेला हात लपवत कोणी "पाय घसरला" म्हणाली, की ती खेकसायची, "पाय घसरला का नवऱ्याचा हात उठला? खरं सांग!"

त्या दिवशी अशाच एका शेजारणीला घेऊन ती गेली आणि दारातच थबकली. आत टेबलासमोर तिची सून, रंजिता, पाठमोरी बसली होती. पुसदातच तिच्या मुलासोबत, बादलसोबत, सुखानं नांदणारी रंजिता!

"इथं वकील मिळतो हे कोणी सांगितलं?" कारकून विचारत होता.

"सासूनंच. पण आमचं त्यायले कसं सांगू? पोरगा त्यायचाच हाय ना."

जमनाबाईला आता आठवलं. दिवाळीला रंजिताचा हात सुजला होता. "याडी, पाय घसरला," आईला सांगावं तसं ती म्हणाली होती. आणि अख्ख्या तांड्याचं खोटं पकडणाऱ्या सासूनं मुकाट्यानं हळद लावून दिली होती.

"मार कोणी पाहिला का?" कारकुनानं विचारलं.

रंजितानं नकारार्थी मान हलवली.

"सुजलेला हात म्या पाह्यला!" जमनाबाई दारातूनच ओरडली. "हळद म्याच लावली. लिहा साहेब, साक्षीदार जमनाबाई. बादलची माय."