कौलाला लावलेली वही

माझ्या पुस्तकात सहा गोष्टी आहेत, सगळ्या काळ्या. माणूस आतून किती कुजका असतो ते दाखवायची मला तरुणपणी फार हौस. वाचणारे विचारतात, इतकं वाईट तुम्हाला सुचतं कसं? मी हसून वेळ मारून नेतो. खरं म्हणजे गोष्टी सात होत्या. सातवी मी छापली नाही.

तीस सालाच्या आगेमागे मी भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका गावात शाळामास्तर होतो. रत्नागिरीला जायचं तर होडीने खाडी ओलांडावी लागे. होडी दोन भावांची होती. मी तिथे जायच्या आदल्या वर्षी धाकटा खाडीत बुडाला. त्या वेळी होडीत थोरल्याशिवाय कोणी नव्हतं. गावाने रडून घेतलं आणि थोरला पुन्हा वल्हवू लागला, आता एकटाच. मितभाषी माणूस. उतरताना कोणाचा पाय चिखलात घसरला, तर तो वल्हं पुढे करायचा. ते धरायचं आणि काठावर चढायचं.

एकदा त्याच्या होडीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात किडा वळवळला. समजा, त्या दिवशी याने वल्हं पुढे केलंच नसेल तर? भाऊ पाण्यात हात वर करतोय आणि हा नुसता बघतोय, होडी एकट्याची होईल म्हणून. तीन दिवसांत गोष्ट वहीत लिहून झाली. त्यातलं एक अक्षरही मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी शाळेच्या पडवीत मी ती चार जाणत्या माणसांना वाचून दाखवली. ह्याच पडवीत बसून मी गावाला मुंबईहून आलेली पत्रं वाचून दाखवत असे. कोण गिरणीत लागला, कोण आजारी आहे, कोण वारला. मास्तर कागदावरून वाचतो ते घडलेलं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. मनाने रचूनही कोणी लिहितं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वाचून झालं. मग गावकार, म्हणजे देवळात ज्याचा पहिला मान तो म्हातारा, हळूच म्हणाला, "मास्तर, ह्या तुमाला कुनी सांगतलान?"

"मी रचलंय" एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण गोष्ट त्यांना इतकी खरी वाटली याचाच मला आनंद झाला. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो. म्हणालो, "काही गोष्टी न सांगता कळतात."

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळातून निरोप आला, वही घेऊन या. बुडालेल्या भावाच्या बायकोने कौल मागितला होता. सगळं गाव जमलेलं. गुरवाने माझी वही देवापुढच्या पायरीवर ठेवली आणि देवाच्या छातीला उजवीडावीकडे दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावकाराने गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, मास्तरान लिवलान त्या खरा आसंल तर उजवी दे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

माझी पाचावर धारण बसली. आता तोंड उघडावं तर मास्तरने एका माणसावर खुनाचा खोटा आळ घेतला असं होणार. मी परगावचा, एकटा, नोकरी नवी. थोरला खांबाशी उभा होता. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलेन अशी त्याची खात्री असावी, कारण मग तो निवांत देवाकडे बघत राहिला. मी मनात म्हटलं, डावीच पडेल, उगाच कशाला बोला. कितीतरी वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि माझ्या वहीवर येऊन पडली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं आज म्हणता येतं. त्या दिवशी मी ते म्हटलं नाही. गावाने त्याला वाळीत टाकलं. त्याच्या होडीत कोणी बसेना, लोक शेजारच्या गावची होडी बघू लागले, चुलीला विस्तव कोणी देईना. आठवड्याने धीर करून मी गावकाराला खरं काय ते सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "देवान उजवी दिलान, मास्तर. आता तुमी ती खोटी म्हनताव?"

महिन्याभराने कामासाठी मला रत्नागिरीला जायचं होतं. धक्क्यावर दुसरी होडी नव्हती. तो आपल्या होडीत बसला होता. "बसा," म्हणाला. नाही म्हणायची मला लाज वाटली.

खाडीच्या मध्यावर त्याने वल्हं थांबवलं. दोन्ही काठांवर माणूस दिसत नव्हतं. मी होडीची कड घट्ट धरली.

"तुमी तवा हितं व्हतात काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग कुनी बघितलान?"

"कोणी नाही. मी मनाने लिहिलं."

त्याने हातातल्या वल्ह्याकडे पाहिलं. "वल्हं मी फुडं केलं व्हतं," म्हणाला. "त्याच्या हाताला लागलं पन व्हतं. देवळात का नाय बोललात?"

"भ्यालो."

त्याने मान हलवली आणि वल्हवायला लागला. काठ आला. उतरताना माझा पाय घसरला, भरतीमुळे खाली पाणी खोल होतं. त्याने सवयीने वल्हं पुढे केलं. ती गोष्ट मीच रचली होती, जगात माझ्याइतकं ते कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. तरी त्या क्षणी मला वाटलं, हा मला बुडवणार. मी हात आखडून घेतला आणि पाण्यात पडलो.

नाकातोंडात पाणी गेलं, कसाबसा काठाच्या दगडाला धरून वर आलो. डोळे पुसून पाहिलं, तर वल्हं अजून माझ्यापुढे तसंच धरलेलं होतं.