तोंडात पान आहे तोवर

आमच्या गल्लीतला टीव्ही दुरुस्त करणारा बहुतेक तोंडात पान घेऊनच जन्मला असावा. त्याचं सगळं बोलणं भुवयांनी, नाहीतर ‘हूँ’ करून. पण टीव्ही तपासता तपासता तो उठला आणि नालीपाशी जाऊन थुंकला, की समजायचं, टीव्ही गेला. "बुरी खबर मुँह भरके नहीं कहते, काकी," हे त्याचं शास्त्र. त्यामुळे सगळ्या गल्लीचं लक्ष टीव्हीपेक्षा त्याच्या तोंडाकडे!

परवा खांबावरची तार तुटली, घरात नको तेवढी वीज शिरली आणि आमच्या टीव्हीतून धूर निघाला. आमचे हे लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. दिवस जातो तो त्या टीव्हीवरच. दुरुस्तीवाल्यानं येऊन फ्यूज बदलला, मीटर लावून पाहिला. लाल दिवासुद्धा लागेना. आतला बोर्ड कोळशासारखा काळा. तो उठून दाराकडे निघाला.

"थुंकायला चालला का गं तो?" ह्यांनी घाबरून विचारलं.

तो थबकला. भरल्या गालानंच म्हणाला, "हूँ हूँ, चलेगा काका," आणि टीव्ही उचलून घेऊन गेला. मी खिडकीतून बघत होते. पार वळणावर पोचल्यावर मेल्यानं पिंक टाकली!

संध्याकाळी त्यानं टीव्ही आणून लावला आणि तो सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात मोराचं स्टिकर. त्याच्या दुकानात दिवसभर चालायचा, तोच हा टीव्ही. ह्यांना लांबचं धूसर दिसतं. खुशीत म्हणाले, "बघ, थुंकला नाही ना!"

"नाही हो," मी म्हटलं आणि पुसायच्या निमित्तानं तो मोर नखानं खरवडून काढला.