सुयांचा गुन्हा

सरांचे आधी कान लाल व्हायचे, मग आवाज चढायचा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही पोरी त्यांना ‘भडका’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

एकच पदार्थ ते दोन द्रावकांत विरघळवून गार करायला लावत. एकातून पट्ट्या निघत, दुसऱ्यातून सुया. “द्रावक स्फटिकाच्या काही बाजूंना चिकटतो, त्यांना वाढू देत नाही. मग बाकीच्या बाजू सुटतात लांब!” तरी कुणी बावळटासारखं पाहिलं की ओरडत, “अगं, पोरगी माहेरी एक वागते, सासरी एक. म्हणून काय बदलून आणली का तिला?”

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मला ॲस्पिरिन बनवायचं होतं. ते शुद्ध करायला अल्कोहोल लागतं. पण कुणी पिईल म्हणून प्राचार्यांनी ते कपाटात कोंडलेलं आणि किल्लीवाला कारकून रजेवर! सरांनी दुसरा द्रावक दिला. पट्ट्यांऐवजी सुया आल्या, सुरेख, चकचकीत.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “सुया म्हणजे सॅलिसिलिक ॲसिड. हिनं कच्चा मालच परत दिलाय.”

“फेरिक क्लोराइडचा थेंब टाका!” सर गरजले. “सॅलिसिलिक असेल तर जांभळं होईल. झालं तर आत्ता राजीनामा देतो!”

“मला शिकवू नका,” म्हणत त्या माणसानं माझे स्फटिक बेसिनमध्ये ओतले आणि नळ सोडला. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एक थेंब टाकायला काय जात होतं मेल्याचं?

सरांनी गुणपत्रकावर सही केली नाही. प्राचार्य समजावत होते, “एका पोरीसाठी विद्यापीठाशी वैर कशाला?” सही दुसऱ्याकडून घेतली. मी नापास झाले आणि दादांनी, म्हणजे वडिलांनी, आधीच बजावल्याप्रमाणे मला नांदगावला परत नेलं.

आठवड्याभरात सर एसटीनं दारात हजर. “तुमची पोरगी नापास नाही! नापास तो गाढव!”

दादा गांगरले. “लय तापलात सर. आधी पाणी तर घ्या.”

“पाणी नको. पोरगी द्या परत.”

दादांनी पाठवलं. ऑक्टोबरमध्ये मी पास झाले, पण तोवर एम.एस्सी.चे प्रवेश संपले होते. सरांना त्यानंतर विद्यापीठानं परीक्षेचं काम कधीच दिलं नाही. विभागप्रमुखपदही गेलं, वयानं लहान माणसाकडे. मला मात्र त्यांनी पुढच्या वर्षी हाताला धरून प्रवेशाच्या रांगेत उभं केलं.

सर गेले तेव्हा मी स्वतः शिकवत होते. शोकसभेत तेच प्राचार्य, आता निवृत्त, डोळे पुसत म्हणाले, “सर म्हणजे शांत, सौम्य माणूस. कधी कुणाशी वाद नाही.” माना डोलल्या.

मी उभी राहिले. माझे कान तापले होते.

“खोटं बोलू नका. सर भांडायचे. त्या दिवशी शांत तुम्ही सगळे होतात.”